बिनपाटीची शेगडी

शेगडीचं एक बटण बसवायचं होतं. एवढंच. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आज कोरांबीत तुम्ही कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल, की क्लेम हार्ग्रीव्हने नगरसेवक झाल्या झाल्या गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं जेवण बंद पाडलं. मी जेवण बंद पाडलं नाही. मी बटण बसवायला गेलो होतो.

आमच्या टाउन हॉलच्या स्वयंपाकघरात सहा बर्नरची, खाली भट्टी असलेली एक गॅसची शेगडी होती. घरपोच जेवण मंडळाची माणसं रविवार सोडून रोज तिच्यावर रांधत आणि गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं गरम जेवण दारात नेऊन देत. भट्टीचं बटण कुठल्याशा काळी हरवलं होतं. त्यामुळे भट्टी पेटवायची तर उघडी दांडी पकडीने पिळावी लागे. ती पक्कड दोरीने भिंतीला बांधून ठेवलेली होती, आणि मंडळात नवीन येणाऱ्या बाईला सगळ्यात आधी पक्कड धरायला शिकवत. एक दिवस माझी बायको नोरीन बोटाला चटका घेऊन घरी आली.

"क्लेम, तू आता नगरसेवक आहेस ना? मग तेवढं एक बटण बसव," ती म्हणाली. "त्यापलीकडे तुझ्याकडून गावाची काही अपेक्षा नाही."

हे गावाचं मत होतं की तिचं, ते मी विचारलं नाही. मधल्या पोटनिवडणुकीत मी निवडून कसा आलो याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत. आमच्याकडे नगरपरिषदेला उभे राहणारे सगळेच कागदावर अपक्ष. प्रत्यक्षात अर्धे शेतकऱ्यांच्या पक्षाचे आणि अर्धे कामगारांच्या. खरा अपक्ष मी एकटा. नोकरीभर मी वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या आणि दोन्ही पक्षांची माणसं सारख्याच निष्पक्षपणे नापास केली. आमचे नगराध्यक्ष रॉस डिव्हेनी माझ्याकडे दोनदा नापास झालेत. पहिल्यांदा त्यांनी थांबायच्या पाटीपाशी गाडी थांबवली नाही, आणि दुसऱ्यांदा थांबवली ती पुन्हा हलेचना. तर अशा माणसाला दोन्ही बाजूंनी मतं दिली, याचा अर्थ लोकांना शिस्त हवी होती. नोरीन म्हणते, याचा अर्थ मतपत्रिकेवर माझं नाव सगळ्यात वर होतं.

बटण आणायला मी बॅरीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. बॅरीही नगरसेवक, रॉसच्या बाजूचा.

"अरे लेका, त्यात विचारायचं काय? बटण ठोक आणि मोकळा हो," तो म्हणाला.

"परवाना नसलेल्या माणसाने गॅसच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा नियम आहे."

"नियम! मला नापास केलंस तेव्हाही तुझं तोंड अस्संच होतं."

बेकरीच्या रांगेत याहून चांगला सल्ला मिळाला. दोऱ्याचं लाकडी रीळ दांडीवर ठोकून बसव, आमच्या आईने जन्मभर तेच वापरलं, असं एकीने सांगितलं. तिच्या मागची म्हणाली, तुझ्या आईचं घर जळलं होतं ना? त्यावर घर विजेने जळलं, रिळाने नव्हे, असा वाद सुरू झाला आणि मी माझा पाव न घेताच बाहेर आलो.

मी रीतसर माणूस. शेजारच्या गावातून परवानाधारक गॅसवाला बोलावला. तो आला, जमिनीवर पोटावर झोपला, बॅटरी पेटवून शेगडीच्या खाली शिरला आणि आतून त्याने एक लांबलचक शीळ घातली. गॅसवाल्याची शीळ आणि डॉक्टरचं "हं", दोन्ही ऐकून माणूस खुर्ची शोधतो. बाहेर येऊन त्याने मुख्य नळ बंद केला, त्याला कुलूप लावलं आणि शेगडीच्या गळ्यात लाल पट्टी अडकवली. वापरण्यास मनाई.

"नळी जागोजागी गळतेय. इतके दिवस हा हॉल उभा कसा राहिला?" त्याने मलाच विचारलं.

"आणि बटण?"

"बटण देतो की. फुकट घ्या." असं म्हणून त्याने एक छानसं काळं बटण माझ्या हातावर ठेवलं. शेगडी गेली आणि बटण माझ्या खिशात राहिलं. संध्याकाळी नोरीनने ते पाहिलं आणि माझ्या ताटात वाढलं.

आता घराघरांत रांधून डबे भरायचे म्हटलं, तर तेही चालेना. घरपोच जेवण नोंदणी केलेल्या स्वयंपाकघरातच शिजलं पाहिजे, असा दुसरा नियम. मग सँडविच सुरू झालं. सँडविच फ्रिजमध्ये राहतं, तेव्हा रोज कशाला जायचं, असं मंडळाने ठरवलं आणि दर दोन-तीन दिवसांनी एकदम द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे हिवाळा जुलैत. ऐन थंडी, सकाळी गवतावर पांढरं हिव, आणि म्हातारी माणसं गार हॅमचं सँडविच चावत बसलेली. दातांची तक्रार आली, पोटाची आली. एका गृहस्थांनी पाकीट न उघडताच परत पाठवलं आणि वर 'हार्ग्रीव्ह यांस' असं लिहिलं.

इथे ट्रेगेन्झाबाईंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण बाकी सगळ्यांची फक्त गैरसोय झाली होती. त्यांचं घर जाणार होतं.

एल्सा ट्रेगेन्झा नव्वदीला टेकलेल्या. गावात टेलिफोन एक्स्चेंज होतं तेव्हा त्या तिथे बसत, त्यामुळे आजच्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाच्या आजोबांचं सगळं त्यांना ठाऊक. कामगारांच्या पक्षाच्या अशा कडव्या, की शेतकऱ्यांच्या पक्षाच्या दुकानातून दूधसुद्धा घेत नसत. आणि त्यांच्या दारात रोज जेवण घेऊन जायचा तो नगराध्यक्ष रॉस. जेवण न्यायला जोडी लागते, एक गाडी चालवायला आणि एक डबा उचलायला. रॉस चालवायचा आणि उचलायचाही, मी शेजारी बसून आरशात बघ, इशारा दे, असं सांगायचो. त्यामुळे ट्रेगेन्झाबाईंच्या दारातलं रोजचं भांडण मी जवळून ऐकलेलं आहे.

"आलास? तुझ्या पक्षाने आमची रेल्वे बंद केली ती केली, आता पोस्टावर डोळा आहे म्हणे!"

"मिसेस ट्रेगेन्झा, रेल्वे बंद झाली तेव्हा मी चड्डीत होतो."

"तुझा बाप नव्हता चड्डीत! त्याने हात वर केला होता. मी फोनवर ऐकलंय सगळं."

"आधी तुमच्या लोकांनी पाणीपट्टीचं काय केलं ते बोला. मटण गार होतंय."

"होऊ दे गार!"

हे दहा मिनिटं. मग बाई ताट घेऊन, गाल लाल करून आत जायच्या आणि रॉस शीळ घालत गाडीत यायचा. मागल्या हिवाळ्यात बाईंनी दार उघडलं नाही, तेव्हा रॉसनेच मागची खिडकी फोडली होती. त्या स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, मांडीचं हाड मोडून. त्यानंतर त्यांचा मुलगा गॉर्डन, जो मेलबर्नला असतो, त्याने एकच अट घातली. आई, जोवर रोज गरम जेवण येतंय आणि रोज कुणीतरी तुला डोळ्यांनी बघतंय, तोवर तू तुझ्या घरात राहा. नाहीतर माझ्याकडच्या वृद्धाश्रमात.

आता दोन्ही बंद. बाईंना खोटं बोलता येत नाही, त्यांनी फोनवर मुलाला सांगून टाकलं. गॉर्डनने वृद्धाश्रमात खोली घेतली आणि शनिवारी न्यायला येतो म्हणून कळवलं. हे बाईंनी मला दारात सँडविचचं पाकीट घेताना सांगितलं.

"जागा चांगली आहे म्हणतात, क्लेम. बाग आहे, पियानो आहे," त्या म्हणाल्या. "पण मी तिथे भांडू कुणाशी? तिथे सगळे झोपलेले असतात."

मी गाडीत येऊन बसलो. रॉसने आरशात न बघता गाडी काढली आणि ते माझ्या पुढच्या वळणावर लक्षात आलं. खिशातलं बटण मला बोचत होतं, आणि खरं सांगतो, लाज वाटत होती.

तुम्ही म्हणाल, नवी शेगडी घ्यायला काय हरकत होती? हरकत कुणाचीच नव्हती. उलट दोन शेगड्या तयार होत्या! सप्टेंबरात नगरपरिषदेची निवडणूक होती. रॉसच्या पक्षाचे मंत्री एक शेगडी देणार होते, निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात, स्वतः येऊन, भिंतीवर नावाची पितळी पाटी लावून. कामगारांच्या बाजूची पुढारी ग्लेनिस पॉवर, निवृत्त नर्स आणि रॉसच्या विरोधात नगराध्यक्षपदाची उमेदवार. तिच्या पक्षाचे खासदारही एक शेगडी देणार होते, त्याच आठवड्यात, त्यांचीही पितळी पाटी. एक शेगडी गॅसची, एक विजेची. रॉस म्हणे, यांच्या पाटीखाली आमचा बटाटा शिजणार नाही. ग्लेनिस म्हणे, यांच्या शेगडीवर आमचं पाणी उकळणार नाही. सप्टेंबरपर्यंत म्हाताऱ्यांनी काय खायचं, तर लोकशाही. शिवाय शेगडीचं उद्घाटन म्हणजे नेमकं काय करतात, हे मला अजून कळलेलं नाही. फीत कापून अंडं फोडतात की काय?

मी विचार केला, हे आपलं काम. निष्पक्ष माणूस एकटा मीच. गुरुवारच्या सभेत मी ठराव मांडला, की परिषदेने स्वतःच्या खर्चाने साधी शेगडी लगेच घ्यावी आणि भिंतीवर कुणाचीही पाटी लावू नये. ठराव वाचताना माझा आवाज थोडा जड झाला. नोरीन म्हणते, सर्दी होती.

आम्ही सात नगरसेवक. सभेला निदान चार हजर पाहिजेत, नाहीतर कोरम नाही. मुख्याधिकारी डेस्मंड हे शहरातून आलेले सद्गृहस्थ. त्यांच्या टेबलावर नियमांचं पुस्तक नेहमी उघडं असतं. मी खाली बसतो न बसतो तोच ते उठले. "ज्या सदस्याचा या विषयाशी वैयक्तिक संबंध असेल, त्याने तो जाहीर करून सभागृहाबाहेर जावं. स्मरण करून देतो."

नियम चांगलाच आहे. पण कोरांबीसारख्या गावात, जिथे पाद्रीसुद्धा कुणाचा तरी मेहुणा आहे, तिथे तो मोठ्याने वाचायचा नसतो.

ग्लेनिसचे डोळे चमकले. "बॅरी शेगड्या विकतो," ती म्हणाली. "त्याचा संबंध आहे. बाहेर."

बॅरी लाल झाला, पण संबंध होताच. तो उठून गेला. रॉसची बाजू एकाने कमी झाली. रॉसने समोर पाहिलं. तिथे नॉयमन बंधू बसले होते, कर्ट आणि वॉल्टर. सख्खे भाऊ, पण कर्ट ग्लेनिसकडचा आणि वॉल्टर रॉसकडचा.

"कर्टच्या आईला मंडळाचं जेवण जातं," रॉस म्हणाला.

"ती वॉल्टरचीही आई आहे!" ग्लेनिस ओरडली.

"माझी आई आहे हे मी नाकारत नाही," वॉल्टर गंभीरपणे म्हणाला, आणि दोघे भाऊ एकापाठोपाठ बाहेर गेले. उरलो चार. कोरम शाबूत होता. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण आता दोघांनाही चव लागली होती. समोरचा माणूस बाहेर काढायची इतकी स्वच्छ, इतकी कायदेशीर सोय त्यांना याआधी कधी मिळाली नव्हती.

"मर्लचा नवरा शेगड्या बसवायची कामं घेतो," रॉस म्हणाला. मर्ल ग्लेनिसकडची, शाळेची बस चालवते, बोलत कमी. ती विणकाम गुंडाळून निघाली.

"आणि ग्लेनिस मंडळाची सचिव आहे," डेस्मंडनी स्वतःच पुस्तकातून मान वर करून सांगितलं. ग्लेनिस मानेला झटका देऊन गेली.

मी उभा राहिलो. म्हणालो, "अध्यक्षमहाराज, या गावात माझा कुणाशी संबंध नाही. कुणी नातेवाईक नाही, पक्ष नाही, आणि परीक्षा घेण्याच्या माझ्या पद्धतीमुळे मित्रही फारसे नाहीत. तेव्हा..."

"नोरीन मंडळात रांधते!" दाराबाहेरून ग्लेनिसचा आवाज आला. ती दाराला कान लावून उभी होती.

"नोरीन रांधते. मी नाही."

"पण उरलेलं पुडिंग तू खातोस! दर गुरुवारी डब्यातून घरी जातं!"

डेस्मंडनी पेन उचललं. "पुडिंग म्हणजे लाभ. नोंद घ्यावी लागेल." नगरपरिषदेच्या कामकाजात माझं नाव आयुष्यात प्रथमच नोंदलं गेलं, ते पुडिंगखाली. मी ताठ मानेने बाहेर पडलो. ताठ मानेने चालताना खुर्ची दिसत नाही, एवढंच सांगतो.

मागे नगराध्यक्षांच्या खुर्चीत रॉस एकटा.

"डेस्मंड, मी एकट्याने ठराव मंजूर करू?"

"कोरम नाही. अर्धा तास वाट पाहावी लागेल. आणि सर, तुम्हीही डबे वाहता."

म्हणजे रॉसही बाहेर. वाट पाहायची तर कुठे? बाहेर गारठा असा, की श्वासाची वाफ दिसावी. हॉलला दुसरी खोली एकच, स्वयंपाकघर. एकेक करून सातही जण तिथे गोळा झालो. मधोमध गळ्यात लाल पट्टी घातलेली शेगडी, आणि तिच्याभोवती आम्ही, मयताला आल्यासारखे. मागून डेस्मंडनी बजावलं, "विषय तहकूब आहे. त्यावर चर्चा करायची नाही."

त्यामुळे कुणी काही बोलेना. शेगडीवर बोलायचं नाही आणि समोर शेगडीच. कर्टने घसा खाकरला. वॉल्टरने छताकडे पाहिलं. शेवटी मर्ल म्हणाली, "ट्रेगेन्झाबाई शनिवारी चालल्या."

ग्लेनिसने वर पाहिलं. तिला माहीत नव्हतं. "कुठे?"

"मुलगा नेतोय. वृद्धाश्रमात."

"का?"

यावर कुणाला काही बोलता येईना, कारण ते बोलणं म्हणजे शेगडीवरच बोलणं. रॉस सिंककडे तोंड करून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. कोपऱ्यात सँडविचच्या आधीपासून पडून असलेलं बटाट्यांचं पोतं होतं. मर्लने एक सुरी घेतली आणि बटाटा सोलायला लागली. का, ते तिने सांगितलं नाही. रिकामे हात तिला सहन होत नाहीत, एवढंच असेल. दुसरी सुरी वॉल्टरने घेतली. आईला कुस्करलेले बटाटे आवडतात, असं तो आपल्याशीच पुटपुटला.

मग रॉस मागच्या दाराने बाहेर गेला. थोड्या वेळाने गाडीचा आवाज आला. बघतो तर त्याने मोटारीमागे त्यांच्या पक्षाचा सॉसेज भाजायचा ट्रेलर जोडून आणला होता.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मतदारांना सॉसेज भाजून विकायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळीकडे एक ट्रेलर असतो, आमच्याकडे दोन, दोन्ही फाटकांना एकेक. कोरांबीत मत गुप्त असतं, सॉसेज नसतं. कोण कुठल्या फाटकाशी खातो ते पाहून संध्याकाळपर्यंत निकाल सगळ्यांना कळतो. आणि विक्रीसाठी म्हणून दोन्ही ट्रेलरांची, नियमातल्या स्वयंपाकघरासारखीच, रीतसर नोंदणी झालेली होती, वर्षभराची!

ग्लेनिसने खिडकीतून पाहिलं. तिला क्षणात समजलं आणि क्षणात तिच्या पोटात दुखलं. रॉसच्या ट्रेलरला नुसता मोठा तवा. त्याच्यावर सॉसेज भाजलं जाईल, पण बटाटे उकडायचे कशावर? तिच्या ट्रेलरला दोन दणदणीत बर्नर होते, चहाची पातेली ठेवायला, पण तव्याला गंजून भोक पडलेलं. ती तशीच कोट न घालता निघून गेली. आम्हाला वाटलं, रागावून गेली. ती लाल रंगाचा आपला ट्रेलर ओढत आली आणि रॉसच्या हिरव्या ट्रेलरला पाठीला पाठ लावून उभा करायला लागली.

"डावीकडे घे. आणखी डावीकडे. आरशात बघ!" मी ओरडलो.

"क्लेम, तोंड बंद ठेव," दोघंही एकदम म्हणाली. दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं मी प्रथमच ऐकलं. बरं नाही वाटलं, पण ऐकलं.

अर्ध्या तासाने डेस्मंड पुस्तक छातीशी धरून आत आले. त्यांनी डोकी मोजली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सात! इथे पूर्ण कोरम आहे! सूचना न देता भरलेली सभा बेकायदा ठरते. तुम्ही विषयावर निर्णय घेताय!"

"कसला निर्णय?" बटाट्याची साल काढता काढता मर्ल म्हणाली. "कुणी बोललंय का?"

डेस्मंडनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी बोललं नव्हतं. त्यांनी पुस्तकाची चार पानं पुढे उलटली, चार मागे. बटाटे सोलण्याविरुद्ध कलम निघेना. नोरीन तेवढ्यात मला शोधत आली होती. तिने त्यांच्या हातातलं पुस्तक हलकेच काढून घेतलं आणि कांदे ठेवले. आमचे मुख्याधिकारी रडताना गावाने त्या दिवशी पाहिले. मला ते तेव्हापासून आवडतात.

शुक्रवारी दुपारी गरम जेवण गेलं. सॉसेज रॉसच्या तव्यावर, बटाटे ग्लेनिसच्या बर्नरवर, आणि वरची ग्रेव्ही दोन्हींवर आळीपाळीने, कारण नोरीनचा एकाही बाजूवर विश्वास नव्हता. शनिवारी पुन्हा. रॉस आणि मी ट्रेगेन्झाबाईंच्या दाराशी पोचलो तेव्हा फाटकात एक मोठी मोटार उभी होती आणि गॉर्डन तिच्यात आईची बॅग ठेवत होता. बाई कोट घालून, टोपी घालून ओसरीवर बसल्या होत्या. एवढ्या लहान त्या मला कधीच दिसल्या नव्हत्या.

रॉसने ताट पुढे केलं. बाईंनी झाकण उचललं. वाफ वर आली.

"हे कुठे शिजलं?"

"हॉलमागे. ट्रेलरवर."

"कुठल्या ट्रेलरवर?"

रॉस खोटं बोलू शकला असता. "सॉसेज आमच्या," तो म्हणाला. "बटाटे तुमच्या."

"म्हणजे मी पन्नास वर्षं त्या फाटकाशी उभी राहून जे खाल्लं नाही, ते तू आज घरात आणून देणार?"

"नुसते बटाटे खा मग."

"बटाट्याला तुझ्या सॉसेजचा रस लागलाय! कुणी वाढलं हे ताट? तुझ्या बापाला पण ताट वाढायची अक्कल नव्हती, शेतकी मेळाव्यात केक उलटा ठेवला होता..."

आणि सुरू झालं. केकवरून मेळावा, मेळाव्यावरून पाणीपट्टी, पाणीपट्टीवरून रॉसचे आजोबा आणि कुण्या एका शिक्षिकेला केलेले त्यांचे फोन. तारखेनिशी. टोपी एका कानावर आली, पाठ सरळ झाली. गॉर्डन बॅग हातात घेऊन उभा होता. फोनवर दर रविवारी "बरी आहे रे" एवढंच म्हणणारी आई तो बघत होता.

"तुम्ही रोज येता?" त्याने रॉसला विचारलं.

"रविवार सोडून."

"मग रविवारी?"

"रविवारी त्या मला फोन करून शिव्या देतात," रॉस म्हणाला.

गॉर्डनने मोटारीची डिकी बंद केली. मग त्याने बॅग परत ओसरीवर ठेवली. "आई, जेव. गार होतंय," तो म्हणाला, आणि तिची कानावर आलेली टोपी काढून घेतली. मी उगाच त्याच्या मोटारीचे आरसे तपासले.

शेगडी शेवटी परिषदेच्या खर्चाने आली, पण निवडणुकीनंतर. आमचा सगळ्यांचाच संबंध असल्याने सगळ्यांनाच मत देता यावं, अशी सूट डेस्मंडनी स्वतः लिहून वरून मागवली. पाट्या मात्र दोन्ही आल्या, पितळी, जाडजूड. बटाट्यांच्या पोत्याला खालून ओल लागू नये म्हणून नोरीनने त्या अंथरल्या आहेत.

शेगडी येईपर्यंत ट्रेलर हॉलमागेच अडकलेले, त्यामुळे निवडणुकीला शाळेच्या फाटकाशी काही नव्हतं. गावाने हॉलमागे एकाच रांगेत उभं राहून सॉसेज खाल्लं आणि निकाल लागेपर्यंत कुणालाच काही कळेना. लोक अस्वस्थ झाले. ट्रेगेन्झाबाई सकाळपासून फाटकाशी खुर्चीत बसून ग्लेनिसची पत्रकं वाटत होत्या. त्यांना मांडीमुळे चालवत नाही, म्हणून रॉसनेच गाडीतून आणून सोडलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्या रॉसकडे बोट दाखवून सांगत, "त्याला देऊ नका. तो बघा, तो!" रॉस लांबून हात हलवत होता.

रॉस पडला. ग्लेनिस नगराध्यक्ष झाली. मी निवडून आलो, पण या वेळी मतपत्रिकेवर माझं नाव तळाशी होतं, याची नोंद नोरीनने घ्यावी.

सोमवारी रॉस नेहमीसारखा डबे घ्यायला आला. दाढी केली नव्हती. वाटेत मी त्याला एकदाही आरशात बघ म्हणालो नाही. ट्रेगेन्झाबाईंनी दार उघडलं. ताट घेतलं, पण भांडायला तोंड उघडेना.

"जिंकलात तुम्ही," रॉस म्हणाला.

"जिंकलो." त्या ताटाकडे बघत राहिल्या. "आता मी तुला काय बोलणार, रॉस? सगळं आमच्याच हातात आलं."

मला वाटतं, त्या क्षणी त्यांना पुन्हा तो पियानो दिसला असावा.

रॉसने रस्त्याकडे बोट केलं. "तुमच्या नगराध्यक्षबाईंनी तुमच्या दारासमोरचं गटार अजून साफ केलेलं नाही."

"एकच दिवस झालाय तिला!"

"एक दिवस काय कमी झाला? मी असतो तर..."

"तू असतास तर! बारा वर्षं तू होतास, तेव्हा या गटारात बदकं पोहत होती!"

"ती बदकं तुमच्याच पक्षाची होती."

बाईंनी दार सताड उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी रॉसला बसायला सांगितलं नव्हतं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "हे उभ्या उभ्या व्हायचं नाही."

गाडीत अजून चार डबे होते. ते मी एकटाच वाटून आलो. परत आलो तेव्हा दोघंही अजून गटारातच होती, आणि ताट चाटूनपुसून रिकामं झालेलं होतं.